विमानातील मद्यपी व बेशिस्त प्रवासी : एक अभ्यास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाल बाजार नावाची एक जुनी पेठ आहे. नावाप्रमाणेच डाळी व धान्य यांच्या घाऊक व्यापाराची ही जागा. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जेथे पडला, त्याचेच पुढे लष्कर शहर झाले आणि त्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे तेथे कायमची रुजली. मागे एका नातलगाकडे गेलो असता या बाजारातील एका मराठी व्यापाऱ्याच्या गादीवर बसण्याचा योग आला. बोलणे चालू असतानाच एक झिंगलेला इसम दुकानात शिरला, शिवीगाळ करू लागला, तुरीच्या पोत्यावर कलंडला. दोन हमालांनी त्याला बखोटीला धरून उचलले आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन बसवले. दोन मिनिटांत सारे शांत झाले.

त्या वृद्ध व्यापाऱ्याचा मुलगा अमेरिकेत असतो आणि ते लवकरच प्रथमच त्याच्याकडे निघाले होते. ते हसत म्हणाले, "सर, इथं आम्ही त्याला बाहेर काढला. पण विमानात असा एखादा निघाला, तर त्याला बाहेर कुठं काढायचा?"

प्रश्न थट्टेतला होता. पण त्याचे उत्तर थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

१. बाजार आणि विमान यांतील भेद

विमानप्रवास ही आता मूठभर श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. खुद्द ग्वाल्हेरच्या विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. आपल्याकडे सांबऱ्याहून विमानाने जाणारा विद्यार्थी हीही आता नवलाची गोष्ट नाही. प्रवासी वाढले, त्याबरोबर गैरवर्तनाचे प्रसंगही वाढले. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने जगभरच्या कंपन्यांकडून गोळा केलेल्या माहितीप्रमाणे २०२१ साली दर ८३५ उड्डाणांमागे असा एक प्रसंग नोंदला गेला. २०२२ साली दर ५६८ उड्डाणांमागे एक, तर २०२३ साली दर ४८० उड्डाणांमागे एक.

बाजारात दारुड्याला बाजूला करता येते, कारण बाजाराला 'बाहेर' असते. विमानाला ते नसते. पस्तीस हजार फुटांवर पोलीस नाहीत, दवाखाना नाही, पळून जाण्यास वाट नाही. प्रवाशांच्या आसनांच्या दर पन्नासामागे एक, एवढेच सेवक-सेविका विमानात असावेत असा किमान दंडक आहे. म्हणजे एकशेऐंशी आसनांच्या विमानात अवघे चार जण. त्यांचे खरे काम चहा-खाणे देण्याचे नसून संकटकाळी प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्याचे आहे. त्यांतील दोघे एका मद्यप्याला आवरण्यात गुंतले, तर उरलेल्या सर्वांची सुरक्षितता तेवढ्यापुरती निम्म्यावर येते. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील घटनांनंतर वैमानिककक्षाचे दार मजबूत करून उड्डाणभर बंद ठेवण्याची पद्धत सर्वत्र आली. त्यामुळे मागे काय चालले आहे हे मुख्य वैमानिकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत नाही. सेवकवर्ग सांगेल तेवढेच त्याला कळते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व दिसून येईल.

२. उंचीवरची दारू

'वर गेल्यावर दारू दुप्पट चढते' अशी एक समजूत आहे. ती जशीच्या तशी खरी नाही. उंचीमुळे रक्तातील मद्यार्काचे प्रमाण आपोआप वाढत नाही. मग विमानात माणूस लवकर का बिघडतो?

विमानाच्या आतील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. तो सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवर जेवढा असावा तेवढा राखलेला असतो. म्हणजे बसल्या जागी आपण सिमल्यासारख्या ठिकाणी नेऊन ठेवलेले असतो. तेथे रक्तातील प्राणवायू थोडा उतरतो आणि मंदपणा येतो. हवा अतिशय कोरडी असते. त्यात अपुरी झोप, रिकामे पोट, एखाद्याने घेतलेली झोपेची गोळी, उड्डाणाची मनातील धास्ती आणि विमानतळावरच सुरू झालेले पिणे या साऱ्यांची भर पडते. मद्य तेच, मात्रा तीच. पण ज्या शरीरात ते जाते ते शरीर आधीच थकलेले असते.

जर्मनीतील विमान व अंतराळविद्येच्या राष्ट्रीय संशोधनकेंद्राने २०२४ साली याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४८ निरोगी प्रौढांना झोपवून पाहण्यात आले. विमानातल्याइतक्या कमी दाबात, मद्य न घेता झोपलेल्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुमारे ८८ टक्के राहिले आणि हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे ७३ पडले. त्याच दाबात मद्य घेऊन झोपलेल्यांचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर उतरले व ठोके ८८ च्या घरात गेले. ही धडधाकट माणसांची गोष्ट झाली. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असलेल्याने काय ते समजून घ्यावे. तात्पर्य, विमानातील अतिमद्यपान दुसऱ्याला उपद्रवकारक आहेच. ते पिणाऱ्यालाही घातक ठरू शकते.

आपल्या देशांतर्गत उड्डाणांत मद्य दिले जात नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत ते दिले जाते. म्हणून देशांतर्गत विमानात जो मद्यपी आढळतो तो बहुधा पिऊनच चढलेला असतो. त्याला दारातच ओळखणे व चढू न देणे हाच तेथे खरा उपाय ठरतो.

३. कायदा काय सांगतो?

आकाशात घडलेला गुन्हा कोणत्या देशाचा? हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर १४ सप्टेंबर १९६३ रोजी टोकियो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने दिले. विमानाची नोंदणी ज्या देशात झाली त्या देशाचा अधिकार विमानातील गुन्ह्यावर चालतो, हे त्याचे मुख्य तत्त्व. याच कराराने मुख्य वैमानिकाला मोठे अधिकार दिले. दारे बंद झाल्यापासून ती पुन्हा उघडेपर्यंत, सुरक्षितता व शिस्त यांसाठी आवश्यक असल्यास तो एखाद्या प्रवाशाला बांधून ठेवू शकतो, वाटेतल्या विमानतळावर उतरवू शकतो, गुन्हा गंभीर असल्यास अधिकाऱ्यांच्या हवाली करू शकतो. वाजवी कारणाने केलेल्या अशा कृतीबद्दल त्याच्यावर वा त्याला मदत करणाऱ्या प्रवाशांवर खटला चालत नाही. भारताने या करारास अनुसरून १९७५ साली कायदा केला.

या करारात एक उणीव होती. परदेशी नोंदणीचे विमान ज्या देशात उतरे, तेथील पोलिसांना पुष्कळदा त्या प्रवाशावर खटला भरता येत नसे आणि तो उजळ माथ्याने घरी जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१४ साली माँट्रियल येथे पूरक करार झाला व तो १ जानेवारी २०२० पासून अमलात आला. विमान उतरते त्या देशालाही त्याने अधिकार दिला. पण तो ज्या देशांनी स्वीकारला त्यांच्यापुरताच.

आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांत सेवकवर्गावर हल्ला करणे, धमकावणे, मद्याच्या वा मादक द्रव्याच्या अमलाखाली विमानातील शिस्त धोक्यात आणणे यांना मनाई केलेली आहे. ज्या १९३४ च्या विमान कायद्याखाली हे नियम झाले, त्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली. दंडविधानात मात्र एक मौज होती. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणाऱ्यास भारतीय दंडसंहितेच्या ५१० व्या कलमात चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. १८६० सालचे दहा रुपये एकविसाव्या शतकातही तसेच राहिले! १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत दंड एक हजार रुपयांपर्यंत गेला व समाजसेवेच्या शिक्षेची सोय झाली.

प्रवाशाला खरी जरब बसते ती या दंडाने नव्हे, प्रवासबंदीने. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये काढलेल्या नियमावलीत गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, शाब्दिक त्रास, असभ्य हावभाव, नशेतील बेतालपणा : तीन महिन्यांपर्यंत बंदी. दुसरी, ढकलणे, मारणे, नको तेथे स्पर्श करणे : सहा महिन्यांपर्यंत. तिसरी, जीवघेणा हल्ला, विमानाच्या यंत्रणेची नासधूस, वैमानिककक्षात घुसण्याचा प्रयत्न : किमान दोन वर्षे. पुन्हा तसेच केल्यास बंदी दुप्पट. कोणती पायरी लागू होते हे कंपनीच्या अधिकाऱ्याने एकट्याने ठरवावयाचे नाही. निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश, दुसऱ्या विमानकंपनीचा प्रतिनिधी आणि प्रवासी वा ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी अशा समितीने ते तीस दिवसांत ठरवावयाचे; आणि त्याविरुद्ध साठ दिवसांत अपील करण्याची मुभा.

४. नोव्हेंबर २०२२ ची घटना

असे चोख नियम असताना काय घडले ते पाहू. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्कहून दिल्लीस येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात, जेवण होऊन दिवे मंदावल्यावर, मुंबईच्या एका नशेतील प्रवाशाने सत्तरी ओलांडलेल्या एका महिलेच्या अंगावर लघवी केली, अशी तक्रार त्या महिलेने केली. आरोपीने पुढे न्यायालयात हा आरोप नाकारला. त्याचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. आपल्याला पाहावयाचे आहे ते विमानात व नंतर काय झाले ते.

तक्रारीप्रमाणे, त्या बाईंना बदलण्यास कपडे मिळाले, पण त्या वर्गात दुसरी जागा नाही असे सांगण्यात आले. पुढे, त्यांची इच्छा नसताना, त्या माणसाला क्षमा मागण्यासाठी त्यांच्यासमोर आणण्यात आले. तो रडू लागला, विनवण्या करू लागला. विमान उतरले. पोलिसांना कोणी बोलावले नाही. दोघांत तडजोड झाली आहे असे आम्हांस वाटले, हे कंपनीचे नंतरचे स्पष्टीकरण. वस्तुतः असा प्रसंग घडल्यास विमान उतरल्यापासून बारा तासांच्या आत महासंचालनालयास कळविणे बंधनकारक होते. महासंचालनालयास तो कळला ४ जानेवारी २०२३ रोजी, वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर.

मग चक्रे भराभर फिरली. आरोपीस बंगळूर येथे अटक झाली. विमानाची नोंदणी भारतात असल्याने, टोकियोच्या तत्त्वाप्रमाणे, भारतीय कायदा लागू झाला. समितीने त्याच्यावर चार महिन्यांची प्रवासबंदी घातली. महासंचालनालयाने कंपनीस ३० लाख रुपये दंड केला, मुख्य वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला आणि विमानसेवेच्या संचालकास ३ लाखांचा दंड केला. वैमानिकांच्या संघटनांनी परवान्याच्या कारवाईस हरकत घेतली. टाटा समूहाच्या अध्यक्षांनी कंपनीकडून अधिक त्वरित कृती व्हावयास हवी होती अशी कबुली दिली. योगायोग असा की, त्या वेळी नागरी विमान वाहतूक खाते ज्यांच्याकडे होते ते ज्योतिरादित्य शिंदे ग्वाल्हेरचेच. आणि १९९१ ते १९९३ या काळात हेच खाते त्यांचे वडील माधवराव शिंदे यांच्याकडे होते.

येथे आपल्याला पुन्हा दाल बाजाराकडे वळले पाहिजे. बाजारात तंटा झाला की दलाल मध्ये पडतो, दोघांचे हात हातात देतो, चहा मागवतो, आणि प्रकरण मिटते. ही रीत वाईट नाही. तिच्यावरच बाजार चालतो. मग तीच विमानात का चालू नये?

याला तीन कारणे आहेत. एक, बाजारातले दोघेही तडजोड नाकारून उठून जाऊ शकतात. विमानातील पीडित व्यक्ती उठून जाणार कोठे? पुढचे कित्येक तास तिला त्याच माणसापासून चार हातांवर काढावयाचे असतात. अशा स्थितीतील 'जाऊ द्या' हा होकार नव्हे, ती अगतिकता होय. दोन, मध्यस्थ तटस्थ असावा लागतो. कंपनीला तर दोघेही गिऱ्हाईक, आणि आपले नाव वर्तमानपत्रात येऊ नये ही तिचीही इच्छा. तीन, कळविण्याचे बंधन केवळ पीडितेच्या समाधानासाठी नाही. पुढील उड्डाणातील अनोळखी प्रवाशांसाठी आहे. त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार विमानातील कोणालाही नाही. नियम पुस्तकात होते; चुकली ती बाजारातली रीत विमानात नेणे.

५. केवळ मद्यच नव्हे

सर्व दोष बाटलीवर ढकलून मोकळे होणे मात्र बरोबर नाही. २३ मार्च २०१७ रोजी पुण्याहून दिल्लीस पोहोचलेल्या विमानात उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी आसनाच्या वर्गावरून झालेल्या वादात एअर इंडियाच्या एका वयस्क अधिकाऱ्यास चपलेने मारले व तसे पत्रकारांजवळ कबूलही केले. येथे मद्याचा प्रश्नच नव्हता. होती ती अधिकाराची धुंदी. विमानकंपन्यांनी त्यांना प्रवासबंदी केली आणि मंत्र्यांना खेदाचे पत्र लिहिल्यानंतर, ७ एप्रिलला ती उठली. त्या वेळी बंदीविषयी स्पष्ट नियम नव्हते. ते आले त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. या नियमावलीखाली पहिले नाव २०१८ साली लागले तेही मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे, आणि कारण होते अपहरणाच्या धमकीची चिठ्ठी, नशा नव्हे. त्या खटल्यात झालेली जन्मठेप पुढे २०२३ साली गुजरात उच्च न्यायालयाने रद्द केली.

१४ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत दाट धुके होते. गोव्यास जाणारे विमान कित्येक तास रखडले होते. आणखी उशिराची सूचना देणाऱ्या वैमानिकावर एक प्रवासी धावून गेला व त्याने त्याला मारले. मारणाऱ्याचे समर्थन होऊच शकत नाही. परंतु तासन् तास माहिती न देता माणसे कोंडून ठेवणे हे वाळल्या गवताजवळ काडी ओढण्यासारखे आहे. विलंबाची माहिती वेळीच द्यावी अशा सूचना महासंचालनालयाने लगेच काढल्या, त्या उगाच नव्हेत.

या विषयाला दुसरीही बाजू आहे. २८ जानेवारी २०२० रोजी मुंबई-लखनौ विमानात विनोदकार कुणाल कामरा यांनी एका वृत्तवाहिनीच्या संपादकास आसनापाशी जाऊन प्रश्नांचा भडिमार केला. कंपनीने समितीचा निर्णय होण्यापूर्वीच सहा महिन्यांची बंदी जाहीर केली. इतर कंपन्यांनीही तिचा कित्ता गिरवला. त्या विमानाच्या मुख्य वैमानिकाने, आपणास न विचारता हा निर्णय झाल्याचे कंपनीस लिहून कळविले. पुढे समितीने बंदी तीन महिन्यांवर आणली. कामरा यांचे वागणे कोणास आवडो वा न आवडो, पण एकीकडे वृद्ध महिलेच्या तक्रारीवर पाच आठवडे स्वस्थता आणि दुसरीकडे चौकशीआधीच शिक्षा, ही दोन्ही टोके वाईट. नियमाचे मोल तो सर्वांना सारखा, वेळेवर आणि रीतसर लावण्यात असते.

६. व्यवहारात काय करावे?

सेवकवर्गाला शिकविल्या जाणाऱ्या उपायांचा क्रम सौम्याकडून कठोराकडे जातो. चढतानाच प्रवाशाची चाल, बोलणे, डोळे पाहावेत. झोक जात असेल त्यास चढू देऊ नये. दिलेल्या पेल्यांचा हिशेब सहकाऱ्यांनी एकमेकांस सांगावा, नाहीतर पुढच्याने नाकारलेला पेला मागचा देतो. पेला भरण्याचा वेग कमी करावा, पाणी व खाणे पुढे करावे, आणि मग स्पष्टपणे बंद करावे. चारचौघांत अपमान न करता, हलक्या आवाजात, त्याच्या उंचीवर वाकून बोलावे. त्रास होत असलेल्यास आधी दुसरीकडे बसवावे. मुख्य वैमानिकास प्रारंभीच कळवावे; बंद दाराआड त्याला दुसरे डोळे नाहीत. त्यानंतर ताकीद, आणि सर्व उपाय थकल्यावरच बांधून ठेवणे. शेवटी साक्षीदारांची नावे, वेळा व आसनक्रमांक लिहून ठेवणे, उतरताच पोलिसांच्या हवाली करणे व फिर्याद देणे.

सहप्रवाशांनी काय करावे? आपण होऊन मारामारीत उतरू नये. पण तोंड फिरवून झोपेचे सोंगही घेऊ नये. सेविकेस बोलवावे, पीडितेजवळ बसावे, पाहिलेले लिहून सही करून द्यावे. न्यूयॉर्कच्या त्या विमानात एका सहप्रवाशाने, अमेरिकेतील एका डॉक्टरांनी, घडलेला प्रकार लेखी कळविला होता. अशा एका कागदाचे वजन पुढे फार असते.

समारोप

त्या व्यापारी गृहस्थांच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. विमानातून मद्यप्याला बाहेर काढता येत नाही, हे खरे. म्हणून त्याला आत येण्याआधी ओळखावे लागते, आत असताना आवरावे लागते आणि उतरल्यावर सोडून देता येत नाही. बाजारातील माणसे दारुड्याला गल्लीच्या तोंडाशी बसवून विसरून जातात. विमानातील माणसांना विसरण्याची मुभा नाही. कारण तो उद्या पुन्हा तिकीट काढणार असतो आणि त्याच्या शेजारच्या आसनावर उद्या कोणाची आई बसणार आहे, हे आज कोणालाच ठाऊक नसते.